लेकराच्या प्रश्नाची वाट पाहणारे घर

ख्रिस्ती धर्माची ओळख आज चर्चच्या मनोऱ्यावरून आणि घंटेवरून होत असली, तरी पहिल्या तीन शतकांत हा धर्म प्रामुख्याने घरांतच वाढला. नव्या करारातील पौलाच्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा, म्हणजे इमारतीचा नव्हे तर श्रद्धावंतांच्या समुदायाचा, आदराने उल्लेख येतो. तरुण तीमथ्याला लिहिताना पौल त्याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात पाहतो. पुढे भव्य मंदिरे उभी राहिली आणि घर मागे पडले, पण विस्मरणात गेले नाही. मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लिहिलेली लहान प्रश्नोत्तरी घरातील कर्त्याने मुलाबाळांना शिकवावी अशाच हेतूने रचलेली होती, तर कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला जणू ‘गृहमंडळी’, म्हणजे घरातले चर्च, असे संबोधले.

प्रश्नोत्तरीच्या पद्धतीत मात्र एक उणीव राहते, ती अशी की तिच्यात प्रश्न मोठ्यांचा असतो आणि लेकराच्या वाट्याला केवळ पाठ केलेले उत्तर येते. बायबलमधील एक जुनी रीत याच्या उलट आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सणाचा, म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातील दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणाचा, विधी सांगितला आहे. त्या रात्री बेखमीर भाकर आणि कडू भाजी खायची, आणि हे सारे कशासाठी असे मुलांनी विचारले की मग त्यांना सुटकेची हकिगत सांगायची. आधी ताटात काहीतरी अनोळखी पडते, त्यातून प्रश्न उगवतो आणि प्रश्नामागून कथा येते. घरात श्रद्धेचा शोध घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने हा क्रम मनाशी धरला, तर विकतचे साहित्य आणि रंगीत तक्ते यांची फारशी गरज उरत नाही.

आगमनकाळातील मेणबत्त्यांचे कडे मुलांच्या अशाच एका प्रश्नातून जन्मले. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ. जर्मनीतील हाम्बुर्ग येथे योहान हिन्रिश विखर्न हे धर्मशास्त्रज्ञ निराधार मुलांचे आश्रमगृह चालवीत, आणि तेथील मुले नाताळ कधी येणार म्हणून सारखी विचारीत. तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी लाकडी चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावून रोज एक पेटवण्यास सुरुवात केली. आज या कड्यावर बहुधा चारच मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. पितळी ताटात आंब्याचे डहाळे मांडून ते कोणत्याही मराठी घरात करता येते. चौथ्या रविवारी चारही ज्योती पेटतात, तेव्हा पहिली मेणबत्ती जळून बोटभर राहिलेली असते, दुसरी तिच्याहून थोडी उंच, आणि शेवटची अजून अख्खी असते; वाट पाहण्यात गेलेला काळ मुलाला तेथे डोळ्यांनी मोजता येतो.

ख्रिस्तजन्माच्या देखाव्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाण, बैल आणि गाढव आणून तो प्रसंग लोकांपुढे उभा केला, कारण बाळ येशूची गरिबी कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावी असे त्याला वाटत होते. गोव्यात, मंगळूरकडे आणि मुंबईच्या काही ख्रिस्ती घरांत या देखाव्यासाठी नाताळाआधी पसरट भांड्यात नाचणी किंवा गहू पेरतात. दाणे रात्रभर भिजवायचे, मातीत दाट पसरायचे, रोज पाणी शिंपडायचे, आणि आठवड्याभरात पोपटी लव्हाळीसारखे रान उगवते. घटस्थापनेचे धान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही हिरवळ परकी वाटणार नाही. पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावे, आणि देखावा मांडताना गव्हाण रिकामीच ठेवावी. बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीच ठेवली जाते. तोवरचे रिकामेपण पाहून मूल विचारल्याशिवाय राहत नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोड्या पुढे सरकवल्या, तर ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत त्यांचा प्रवास घरातच घडतो.

सर्वच ख्रिस्ती कुटुंबांना मूर्ती मान्य नसतात. मराठी प्रॉटेस्टंट घरांत वचन आणि गीत यांनाच मान आहे, आणि येथे मराठी भाषेने दिलेली संपत्ती मोठी आहे, मात्र ती आज बऱ्याच घरांत कपाटबंद असते, ही खंत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे, आणि त्याच्या आरंभीच्या भागातही एका श्रोत्याचा प्रश्न येतो. नारायण वामन टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले, तर पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत केले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याची छपाई केली. रात्री जेवणानंतर यातील दहा-बारा ओव्या आजीने चालीवर म्हणाव्यात आणि नातवंडांनी तिच्यामागून म्हणाव्यात, एवढ्यानेही भाषा आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टी एकाच मुखातून पुढच्या पिढीत जातात.

काही प्रश्नांना कथा पुरत नाही. प्रार्थना करूनही आजोबा का गेले, असे मुलाने विचारले की मोठी माणसे घाईने सांत्वन करू लागतात, आणि ही घाईच श्रद्धेला अधिक घातक ठरते. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. त्यांत भक्त देवाकडे गाऱ्हाणे मांडतो, त्याला जाब विचारतो आणि तरीही त्यालाच हाक मारतो. मुलाला त्याच्या शब्दांत असे एक स्तोत्र लिहू द्यावे, त्यातला राग खोडू नये, आणि कुटुंबाच्या प्रार्थनेत ते तसेच वाचावे.

कॅथलिक घरांत झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधून आशीर्वादित झावळी घरी येते. तिची पाती उभी चिरून, एक आडवी धरून दुसरी तिच्यावरून दोनदा दुमडून खोचली की क्रूस तयार होतो. लहान बोटांना ते जमायला दोन-तीन पाती वाया जातात, आणि जाऊ द्यावीत. तो क्रूस वर्षभर अल्ताराजवळ, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागी, राहतो आणि हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तपकिरी होतो. पुढच्या वर्षी उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या तयारीच्या काळाच्या, तोंडावर अनेक ठिकाणी असे वाळलेले क्रूस चर्चमध्ये परत गोळा करून जाळतात, आणि राखेच्या बुधवारी त्याच राखेचे बोट मुलाच्या कपाळावर टेकते, तेव्हा ही आपल्या क्रूसाची राख आहे का, असे ते परतीच्या वाटेवर विचारते.