लिलावाआधी खरं सांगणारं कुणी हवं

आयपीएलच्या अबूधाबीतल्या लिलावातले आकडे एव्हाना सगळ्यांना पाठ झालेत. प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा, दोघेही विशीच्या आसपासचे, भारताकडून एकही सामना न खेळलेले. चेन्नईने दोघांसाठी प्रत्येकी १४ कोटी २० लाख मोजले. त्या संध्याकाळपासून ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मैदानांवर, नेटच्या मागे सॅक सांभाळत उभ्या असलेल्या आईबाबांच्या गप्पांना एकच विषय आहे. बारावी तोंडावर आलीय, पोरगा अंडर-१९ च्या प्रॉबेबल्समध्ये आहे, तर यंदा परीक्षेला बसवायचं की ड्रॉप घ्यायचा? एरवी हा प्रश्न जेईईवाल्यांच्या घरात असतो. आता किट बॅगवाल्यांच्या घरातही आलाय.

जानेवारी २०२६ मध्ये आणखी एक हिशेब पूर्ण झाला, त्याची फारशी बातमी झाली नाही. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला कल्याणच्या वायले नगरातल्या युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, त्याला दहा वर्षं झाली. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरचा आर्य गुरुकुलचा संघ ३१ आणि ५२ धावांत गारद झाला. ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. प्रणव तेव्हा पंधरा वर्षांचा, वडील रिक्षाचालक. सचिनने सही केलेली बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी महिना १० हजारांची शिष्यवृत्ती दिली, चॅनेलवाल्यांच्या गाड्या सोसायटीखाली लागल्या.

समोरचा संघ नवखा होता, मैदान लहान होतं. क्रिकेटमध्ये मुरलेल्या कुणालाही पहिल्या तासात कळेल अशी ही गोष्ट, पण त्या घराला ती त्या आठवड्यात नीट, जबाबदारीने सांगणारं कुणी नव्हतं. जो तो आकडा सांगत होता. पुढे अपेक्षांचं ओझं वाढलं, धावा आटल्या आणि दोन वर्षांच्या आत वडिलांनी स्वतःच असोसिएशनला शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. खेळ सुधारला तर पुन्हा पाहू, अशी त्यांची भूमिका. या सगळ्या प्रकरणात सर्वांत समंजसपणे वागला तो रिक्षाचालक बाप, असं माझं मत आहे.

कॉलेज अर्धवट सोडून व्यावसायिक खेळात उडी मारणाऱ्या पोरांचा प्रश्न अमेरिकेत शंभरएक वर्षं जुना आहे, आणि त्यांनी त्याचं काय केलं ते आपल्या पालकांनी पाहण्यासारखं आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या, क्लब नवे खेळाडू घेतात ते ड्राफ्टमधून. सात फेऱ्या, प्रत्येक क्लबची पाळी ठरलेली, बोली नाही. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही त्यात उतरता येत नाही. मग कॉलेजचं चौथं वर्ष सोडायचं की नाही, हे दर जानेवारीच्या मध्यापर्यंत पोराने लेखी कळवायचं. 

या नियमाला आव्हान देणारा एक पोरगा होता, मॉरिस क्लॅरेट. ओहायो स्टेट विद्यापीठाला पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा. त्याला तीन वर्षं थांबायचं नव्हतं, तो कोर्टात गेला. फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, मे महिन्यात अपील कोर्टाने तो फिरवला. अपिलाचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेट मात्र ना कॉलेजात परत गेला ना क्लबात टिकला. २००५ मध्ये डेन्व्हरने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि मोसमातला एकही सामना न खेळवता सोडून दिलं. पुढे त्याने तुरुंगही पाहिला. कायद्याच्या वर्गात हा खटला शिकवतात. मला त्यातला कायदा दुय्यम वाटतो. वीस वर्षांच्या पोराच्या आजूबाजूला वकील, दलाल, पत्रकार सगळे होते आणि तरी त्याचं भलं झालं नाही, हे महत्त्वाचं वाटतं.

त्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने तीस वर्षांपासून एक साधी सोय चालवली आहे. कॉलेज लवकर सोडू पाहणाऱ्या खेळाडूने अर्ज केला की क्लबांची पारखी माणसं असलेली एक सल्लागार समिती त्याचे सामने पाहते आणि अभिप्राय देते. अभिप्राय तीनच प्रकारचे: तू पहिल्या फेरीत जाशील, दुसऱ्या फेरीत जाशील, किंवा कॉलेजातच राहा. बस. तिसऱ्या अभिप्रायात गोड बोलणं नाही. तो बंधनकारक नाही, दरवर्षी काही पोरं तो धुडकावून उतरतात, काही जिंकतात, बरीच हरतात. पण निर्णय घेताना हातात एक कागद असतो. आणि तो देणाऱ्याला त्या पोराकडून ना फी मिळायची असते ना कमिशन. मला या साऱ्या अमेरिकन पसाऱ्यात हीच गोष्ट उचलण्याजोगी वाटते. बाकी चीअरलीडर वगैरे आपण आधीच उचललं आहे.

आणखी एक बदल अलीकडचा. जुलै २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागली. २०२१ नंतर कॉलेज लवकर सोडणाऱ्यांची संख्या घसरली. म्हणजे पोरांना अभ्यासाचा कंटाळा होता म्हणून ती पळत होती असं नाही, घरी पैशांची गरज होती म्हणून पळत होती. ही व्यावसायिक कारकीर्द किती टिकते, तर सरासरी साडेतीन वर्षंसुद्धा नाही, असं तिथल्या खेळाडूंचीच संघटना सांगते.

आता आपल्याकडे या. 'शिक्षण सोडलं' म्हटलं की डोंबिवलीत भुवया उंचावतात. पण जरा अकरावी-बारावीचे वर्ग डोकावून पाहा. इंटिग्रेटेडच्या नावाखाली कॉलेजात नुसती नोंद, दिवसभर क्लास, प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. डॉक्टर-इंजिनीअर होण्यासाठी कॉलेज सोडणारी अशी पोरं प्रत्येक इमारतीत आहेत, त्यांच्या फ्लेक्सवर आमदारांचे फोटो असतात. त्यांना कुणी ड्रॉपआउट म्हणत नाही. नीटसाठी दोनदा ड्रॉप घेतलेला मुलगा जिद्दी ठरतो आणि रणजीसाठी एक वर्ष मागणारा वाया गेलेला. हा दुटप्पीपणा आधी कबूल करू, मग खेळाडूंना उपदेश करू.

शिवाय आपल्या भागात शाळा सुटते ती अठराव्या वर्षी नव्हे, बाराव्या-तेराव्या वर्षीच. हॅरिस आणि गाइल्स या शालेय शिल्ड स्पर्धांमध्ये चमकायचं तर मुंबईतली नावाजलेली शाळा गाठावी लागते. शार्दूल ठाकूर पालघर सोडून बोरिवलीच्या स्वामी विवेकानंदमध्ये आला तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या आग्रहाने, आणि राहिला त्यांच्याच घरी. पृथ्वी शॉ विरारहून वांद्र्याच्या रिझवीत. अजिंक्य रहाणे डोंबिवलीच्या एस. व्ही. जोशी शाळेतला, लहान वयात लोकलच्या गर्दीत किट घेऊन एकट्याने जाण्याबद्दल तो अनेकदा बोलला आहे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या मुलाचे रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. त्यातून पंचाहत्तर टक्के हजेरी भरायची कशी, हे विद्यापीठाने एकदा सकाळच्या सव्वासहाच्या फास्टमध्ये उभं राहून सांगावं.

पैशाचं म्हणाल तर लिलाव हा या खेळाचा सर्वांत झगमगीत आणि सर्वांत अरुंद भाग आहे. डिसेंबर २०२५ मध्ये जागा होत्या ७७, त्याही सगळ्या जगासाठी. भारताकडून न खेळलेल्यांची पायाभूत किंमत ३० लाख, खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे वर साडेसात लाख. त्याखालची पायरी रणजीची. नवख्याला दिवसाला ४० हजार, चाळीसहून अधिक सामने झालेल्याला ६० हजार. साखळीतले सात सामने खेळला तर नवखा अकरा लाखांच्या घरात जातो. नव्या इंजिनीअरपेक्षा हे वाईट नाही, पण मुंबईच्या संघात जागा पंधरा-सोळा आणि दावेदार वसई ते बदलापूर. अंडर-१९ ला दिवसाचे २० हजार, तेही निवड झाली तर. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आता १६ आणि १९ वर्षांखालच्या मुलांना आयपीएलआधी प्रथम श्रेणीचा किमान एक सामना खेळण्याची अट घातली आहे. कुंपण चांगलं, उंची बेताचीच. वैभव सूर्यवंशी बाराव्या वर्षीच मुंबईविरुद्ध रणजी खेळला होता. तेराव्या वर्षी लिलावात १ कोटी १० लाख आणि चौदाव्या वर्षी ३५ चेंडूंत शतक. त्याचं उदाहरण देऊन जे पालक शाळेतून दाखला काढायला जातात, त्यांच्यापुढे हात जोडावेत एवढंच.

आपल्याच गल्लीतला तुषार देशपांडे जास्त उपयोगाचा. कल्याणचा पोरगा, शिवाजी पार्क जिमखान्यावर चाचणीला गेला तेव्हा फलंदाजांची रांग लांबलचक दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, आणि पद्माकर शिवलकरांच्या नजरेत भरला. हा किस्सा त्याने स्वतः सांगितलेला. मुंबईकडून पहिला सामना २०१६ मध्ये, आयपीएलमध्ये पंचविसाव्या वर्षी, तोही २० लाखांत. २०२३ मध्ये चेन्नईसाठी २१ बळी, जुलै २०२४ मध्ये हरारेला भारताची टोपी, त्याच नोव्हेंबरात राजस्थानकडून साडेसहा कोटी. मधे रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा. सतराव्या वर्षी त्याला कुणी विकत घेतलं नव्हतं, आणि त्याने काही बिघडलं नाही. पृथ्वी शॉला अठराव्या वर्षी सव्वा कोटीच्या आसपास मिळाले, २०२४ च्या लिलावात कुणी हात वर केला नाही, डिसेंबर २०२५ मध्ये ७५ लाखांत दिल्लीने पुन्हा घेतलं. भाव लवकर येतो तसा लवकर जातोही.

उलट दिशेने गेलेला मुंबईकर म्हणजे सौरभ नेत्रावळकर. २०१० चा अंडर-१९ विश्वचषक के. एल. राहुल, मयंक अग्रवाल यांच्यासोबत खेळला, इंजिनीअर झाला, मुंबईकडून एक रणजी सामना मिळाला. मग क्रिकेट गुंडाळून कॉर्नेल विद्यापीठात गेला, ओरॅकलमध्ये नोकरी धरली. आणि ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. ही गोष्ट डोंबिवलीकरांना विशेष आवडते, कारण तिच्यात डिग्री आहे. पण सगळ्यांनी सौरभ व्हावं हा आग्रहही तितकाच अडाणी. क्रिकेट सोडायचा निर्णय त्याला स्वतःच्या हिमतीवर घ्यावा लागला, तसा सगळ्यांना झेपत नाही.

फुटबॉलवाल्यांचं दुःख वेगळंच. आपल्याकडे इंडियन सुपर लीगचा खराखुरा ड्राफ्ट २३ जुलै २०१७ ला मुंबईत झाला होता. अंबरनाथचा फारूख चौधरी त्यात जमशेदपूरकडे गेला. २०२५-२६ च्या मोसमात तर लीग सुरू व्हायचीच पंचाईत झाली, महिनोन्‌महिने मैदानं ओस. ज्यांनी त्या भरवशावर कॉलेज सोडलं त्यांनी काय करायचं, याचं उत्तर फेडरेशनकडे नाही.

परतीच्या वाटा मात्र पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत, त्या पालकांना कुणी सांगत नाही. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. क्रीडा सवलतीचे गुण आहेत, आंतरराष्ट्रीय पातळीवर कमाल २५. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर बाहेर पडून पुन्हा येता येतं, मिळवलेले गुण श्रेयांक बँकेत सात वर्षं जमा राहतात. नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथेही अर्जासोबत शैक्षणिक पात्रतेचा कागद लागतो. तेव्हा शाळा सोडा, परीक्षा सोडू नका. या दोन गोष्टी एक नाहीत.

अकादमीच्या सरांना विचारून उपयोग नाही, असं मी लिहिलं तर काही जण रागावतील. रागावू देत. ज्याची महिन्याची फी तुमच्या मुलाच्या स्वप्नावर चालते, तो 'थांब' म्हणेल कशाला? काही सर म्हणतातही, त्यांच्या पाया पडावं. पण व्यवस्था अपवादांवर उभी राहत नाही.

मुंबई क्रिकेट असोसिएशनने दर डिसेंबरला तीन माणसं बसवावीत: एक निवड समितीतला निवृत्त खेळाडू, एक फिजिओ, एक शिक्षण समजणारा. अंडर-१६ आणि अंडर-१९ च्या प्रॉबेबल्समधल्या, दहावी-बारावीत असलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी त्यांनी एक पानी लेखी अभिप्राय पाठवावा. दोन वर्षांत रणजी दिसते, दिसत नाही, किंवा परीक्षा द्या. वानखेडेवर एक खोली आणि चार बैठका, एवढाच खर्च. तोवर ठाणे-कल्याणच्या पालकांनी एवढं तरी करावं. मुलाला रोज शिकवत नाही आणि ज्याला त्याच्याकडून काही मिळायचं नाही, अशा जुन्या रणजी खेळाडूसमोर त्याला एक दिवस नेटमध्ये उभं करावं, आणि तो जे सांगेल ते फेब्रुवारीच्या आत ऐकून घ्यावं.