कॉन्सन्ट्रेटर सुरू होत नाही तेव्हा

पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्याला वीज जाण्याची सवय आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगड भागातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर रुग्ण असेल, तर वीज आल्यावरही यंत्र सुरू न होण्याची धास्ती असते.

या यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर ही छोटी चिप. तिला साधारण ३.३ किंवा ५ व्होल्ट लागतात. हा पुरवठा स्थिर झाला की चिप रीसेटमधून बाहेर येते, तिचे घड्याळ चालू होते आणि मग ती प्रोग्रॅम वाचते. व्होल्टेज घसरले तर ती पुन्हा रीसेटमध्ये जाऊ शकते. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त वीज ओढतो. दाब कमी असेल तर यंत्र घरघरते आणि बंद पडते. खारी, दमट हवा बोर्डावरचे जोड गंजवते. तंत्रज्ञही म्हणूनच आधी वीजपुरवठा पाहतो, प्रोग्रॅमकडे नंतर वळतो.

घरच्यांनी मात्र आधी रुग्णाला सिलिंडर लावावा. मग एक्स्टेन्शन काढून यंत्र थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडावे. भिजलेले यंत्र सुरू करू नये, उघडूही नये. सुरू झाल्यावर ऑक्सिजन पुरेसा शुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात. इशाऱ्याचा दिवा विझेपर्यंत सिलिंडर काढू नये. ओठ निळसर दिसले किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर लगेच १०८ ला फोन करावा. भरलेला सिलिंडर पावसाळ्यापूर्वीच घरात हवा.