साल्हेरच्या लढाईला कोणती तलवार?

शिवजयंती जवळ आली की तलवारी हव्या तितक्या मिळतात, पण सतराव्या शतकातल्या वाटतील अशा शोधूनही सापडत नाहीत. एकलहऱ्यासारख्या गावातल्या एखाद्या मंडळाने ठरवले की यंदा नुसती मिरवणूक नको, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेरची लढाई उभी करायची, तर अंगरखे आणि पागोटी जमून जातात. घोडे अडते ते तलवारीपाशी. बाजारात पटकन मिळते ती स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत पात्याची, पितळी सिंहमुखी मुठीची. हे पोलाद विसाव्या शतकातले, आणि मुठीचा थाट साल्हेरच्या शिपायापेक्षा इंग्रज अफसराला शोभेलसा. हौशी मंडळी मग दुसरे टोक गाठतात: महाराजांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीची प्रतिकृती करवून घेतात आणि तीच झाडून सगळ्या मावळ्यांच्या हाती देतात. पहिल्या चुकीला निदान अज्ञानाची सबब आहे, दुसरीला तीही नाही. त्या लढाईत, त्या दर्जाच्या माणसाच्या कमरेला जी असू शकेल, तीच त्या प्रसंगाची खरी तलवार. म्हणून आधी माणूस ठरवायचा, मग हत्यार.

साल्हेरची लढाई 1672 च्या आरंभी झाली. किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या मोगलांवर मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजा चालून गेल्या, उघड्या मैदानावर मोठा रणसंग्राम झाला, सूर्यराव काकडे कामी आले आणि मोगल सरदार इखलासखान कैद झाला. म्हणजे हा प्रसंग मुख्यतः घोडदळाचा. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन येई. शिवाय शत्रूकडून पाडाव झालेली हत्यारे पुन्हा वापरात येत. अशा फौजेत सगळ्यांच्या मुठी एका साच्यातल्या असणे शक्य नव्हते. पाचपन्नास जणांना एकाच दुकानातून एकसारखा संच आणला, की प्रत्येक तलवार सुटी पाहता बरोबर असली तरी फौज खोटी दिसते. दहा जणांकडे तीन-चार तऱ्हांच्या तलवारी असाव्यात, काहींच्या हाती फक्त भाला असावा, आणि ढाली तर हव्यातच.

तऱ्हा कोणत्या, हा पुढचा प्रश्न; आणि इथे नाटक-सिनेमांनी फार गोंधळ घातला आहे. मराठ्यांची तलवार सरळ आणि मोगलांची वाकडी, अशी वाटणी रंगमंचावर सोयीची असते. प्रत्यक्षात दख्खनमध्ये दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकार होते. बाकदार पात्याची, मुठीच्या टोकाला तबकडी असलेली तलवार मराठ्यांच्या कमरेलाही असे, आणि सरळ पाती मोगल व आदिलशाही सरदारही बाळगत. मराठा स्वाराला लांब, सरळ किंवा किंचित बाकाची धोप आवडे, कारण घोड्यावरून तिची पोच जास्त आणि भोसकायलाही ती चांगली. धोपेच्या मुठीला हात झाकणारी रुंद परज असते आणि मागे एक छोटा दांडा निघालेला असतो. गरज पडली तर दुसरा हात त्यावर ठेवता येई. या सरळ पात्यांपैकी कित्येक युरोपातून, बंदरांवरच्या व्यापारातून येत. त्यांना इथली मूठ चढवली जाई आणि फिरंग हे नाव मिळे.

यावर हटकून आक्षेप येतो: स्वराज्याची लढाई दाखवायची आणि हाती विलायती पाते द्यायचे? याला उत्तर म्हणून रघुजी भोसल्यांची तलवार पुरेशी आहे. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय घडणीचे, सरळ आणि एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्यावर देवनागरीत सेनासाहिब सुभा रघोजी भोसले यांचे नाव सोन्याने कोरले आहे, आणि त्याच ओळीत ‘फिरंग’ हा शब्दही आहे. नागपूरकर भोसल्यांच्या या कर्त्या पुरुषाला परके पाते लपवावेसे वाटले नाही. त्याने त्याचा प्रकार सोन्यात लिहवून घेतला. मुल्हेरी या नावाने आपल्याला आठवते ते बागलाणातले मुल्हेर, साल्हेरचे शेजारी. ही तलवार अठराव्या शतकातल्या बड्या सरदाराची, तेव्हा तिची सोन्याची मूठ साल्हेरच्या स्वाराला देऊ नये. तिच्यातून घ्यायची ती जोडणीची रीत: बाहेरून आलेले पाते, इथे चढवलेली मूठ. स्वाराला साधी लोखंडी मूठ पुरे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. पन्नास फुटांवरून प्रेक्षकाला पात्याचा बाक कुठे कळतो? बाक नसेल कळत, वजन कळते. जुन्या तलवारींच्या वजनाबद्दल मोबाइलवर दहा-वीस किलोंच्या कथा फिरतात. खऱ्या लढाऊ तलवारी साधारण एक ते दीड किलोच्या आसपास असतात. त्यापेक्षा फार जड हत्यार दिवसभर चालवणारा माणूस थकून मेला असता, शत्रूची गरजच पडली नसती. शिवाय जुने पाते मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते. पत्र्यातून कापलेले स्वस्त पाते सगळीकडे सारख्याच जाडीचे राहते. असे पाते वार करताना हाताला ओढते, मनगट वळत नाही, खेळणारा खांद्यातून कुऱ्हाड चालवल्यासारखे वार घालू लागतो, आणि ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसते. तेव्हा पैसे थोडे असतील तर नक्षी आणि मखमल सोडावी, पण पात्याची घडण आणि तोल सोडू नये.

एका ठिकाणी मात्र इतिहास मुद्दाम मोडावा. जुन्या तलवारीत पात्याचा आखूड शेपटा मुठीच्या पोकळीत घालून लाख किंवा राळेने बसवलेला असे. सपासप वारांच्या प्रयोगात अशी मूठ निसटली, तर पाते प्रेक्षकांत जाईल. म्हणून आतून मजबूत आधुनिक जोड, लवचिक पोलाद, बोथट धार आणि गोल केलेले टोक घ्यावे. यातले बहुतेक काही बाहेरून दिसत नाही. कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये धारदार हत्यारेही येतात, आणि सणासुदीला पोलिसांचे जमावबंदीचे नि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. बोथट तलवारी असल्या तरी स्थानिक ठाण्याची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधीच काढून ठेवावी, आणि गावातून मैदानापर्यंत नेताना सगळ्या तलवारी म्यानातच राहतील हे पाहायला एक माणूस नेमावा.