वर्ध्याचे वाचणारे

१९१७ साल. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकायला आलेल्या एका बाविशीतल्या तरुणाला गावात वाचनालय काढायचे होते आणि जवळ पैसा नव्हता. त्याने पंधराएक मुले गोळा केली आणि त्यांना जात्यावर बसवले. लोकांचे धान्य हाताने दळून द्यायचे आणि मिळालेले पैसे वाचनालयात घालायचे. खात्यापित्या घरची मुलेही त्यात होती. गावाने सगळ्यांनाच वेड्यात काढले, तरी वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तके जमली. १९१८च्या फेब्रुवारीत गांधीजींना लिहिलेल्या पत्रात विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, यांनी हे सगळे कळवले आहे.

हेच विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले आणि इथलेच होऊन गेले. वर्धा जिल्ह्याच्या वाचनाचा आढावा घ्यायचा तर नुसती कपाटे मोजून भागत नाही. जिल्ह्याचे सार्वजनिक ग्रंथालय आहे, १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती आहे, १९९७ साली सुरू झालेले हिंदी विश्वविद्यालयही आहे. पण इथले मोठे वाचक पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हाती आलेले पुस्तक त्यांनी कपाटात ठेवून दिले नाही, त्याचे पुढे काहीतरी केले.

‘गीताई’चा जन्मच पाहावा. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने एक मराठी समश्लोकी आणून दिली, तीही त्यांना जड गेली. मग तूच का लिहीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. १९१८च्या साथीत त्या गेल्या. पुढे बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, वर्ध्यात विनोबांनी लेखणी उचलली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ‘गीताई’ पूर्ण केली. लिहायला चार महिने लागले, पण त्यामागे वर्षानुवर्षांचे वाचन होते. त्यानंतरही पुस्तक मिटले नाही. धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांच्यासह त्यांनी त्यातल्या शब्दांचा कोश सिद्ध केला, तो १९५० साली आला. स्वतःच लिहिलेले पुस्तक पुन्हा शब्दाशब्दाने वाचायला बसणारा लेखक विरळाच.

वर्ध्याजवळ गोपुरीत १९८० साली विनोबांच्या हस्ते खुले झालेले गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही, आत मूर्ती नाही. उभ्या केलेल्या दगडी शिळांवर अठराही अध्याय कोरलेले आहेत. इथे पान उलटायचे म्हणजे पाऊल उचलायचे. ऊन चढले की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि वाचणे सोपे होते. वाचकाला पायी चालायला लावणारे असे पुस्तक महाराष्ट्रात दुसरे कुठे असेल, असे वाटत नाही.

गांधीजींची वाचनाची रीत आणखी वेगळी. दक्षिण आफ्रिकेत सकाळी दात घासायला त्यांना पंधरा मिनिटे लागत. समोरच्या भिंतीवर गीतेचे श्लोक लिहिलेले कागद चिकटवून त्या वेळात ते पाठांतर करीत. तेरा अध्याय असे पाठ झाल्याचे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ १९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना गाडीत हाती आले, तर त्या वाचनातून फिनिक्सची वसाहतच उभी राहिली. १९३३ साली साबरमती आश्रम विसर्जित करताना त्यांनी तिथला हजारो पुस्तकांचा संग्रह अहमदाबादच्या नगरपालिकेला देऊन टाकला. १९३६च्या एप्रिलअखेरीस शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेला माणूस हा असा, पुस्तके गावाला देऊन मोकळा झालेला होता.

याच सेवाग्रामात ४ जून १९४७ रोजी आणखी एका वाचकाने अन्नत्याग करून देह ठेवला. ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींचे शाळेतले शिक्षण अगदी तुटपुंजे होते. नारळाच्या बागा सांभाळता सांभाळता मुलांच्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि त्या ओढीने १८९९च्या अखेरीस घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरत ते पाली शिकले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाला त्यांचे हात लागले. मराठीत ‘भगवान बुद्ध’ त्यांनी लिहिले. आपल्याकडे मुलांच्या मासिकांना किरकोळ समजायची खोड आहे. कोसंबींचे आयुष्य समोर ठेवले की ती किती चुकीची आहे ते कळते.

बुद्धावरच्या मराठी पुस्तकाने आणखी एका मुलाला गाठले होते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. त्या भेटीचा धागा १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत जातो आणि तिथून तो वर्धा जिल्ह्याच्या घराघरांत आला आहे. गांधी-विनोबांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची ही दुसरी वाचनपरंपरा तितकीच जोरकस आहे. साहित्यावर लिहिणारे तिच्याकडे फारसे वळत नाहीत, ही मोठीच उणीव म्हणायला हवी.

साहित्य संमेलन वर्ध्यात १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि नंतर थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, शहाण्णवावे. अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही झाले. एका गावात दोन मांडव, दोन्हीकडे पुस्तके मांडलेली. वाचकाला हवे ते पुस्तक घ्यायला मधला रस्ता मोकळा होता.

जिल्ह्याच्या पुस्तकखरेदीचा खरा अंदाज घ्यायचा तर मात्र दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जावे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडून आलेली कुटुंबे तिथल्या दुकानांपुढे दाटीवाटीने उभी असतात. आजी पुस्तक हातात घेऊन आधी मुखपृष्ठावरचे चित्र पाहते, मग नातवाला म्हणते, “हे काय आहे, वाचून सांग बरं.” नातू नाव वाचतो, किंमत वाचतो. संविधानाची प्रत, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका पिशवीत जातात, आणि संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली की त्यातली एखादी वर्धा यायच्या आतच वाचून होते.