गीझरचा पंखा बंद पडलाय? जुगाड नको, आधी गॅस बंद करा

पंख्यावर चालणाऱ्या गॅस गीझरमध्ये हा पंखा जळालेला वायू पाइपमधून घराबाहेर ढकलतो. पंखा फिरला नाही, तर प्रेशर स्विच बर्नर पेटूच देत नाही. वैताग येतो खरा, पण ते संरक्षण आहे. हा स्विच ‘डायरेक्ट’ करून देणारे मेकॅनिक भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. धूर अडला, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

घरी काय तपासाल? एमसीबी पडलाय का, प्लग सैल आहे का. मग गॅसचा कॉक आणि वीज बंद करून पाइपचं बाहेरचं तोंड खिडकीतून बघा. पुण्यात तिथे कबुतराचं घरटंही असू शकतं! कव्हर मात्र उघडू नका, ते काम कंपनीच्या माणसाचं.

बाथरूममध्ये डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचंसुद्धा बटण दाबू नका. घराबाहेर जाऊन फोन करा: सिलिंडर असेल तर १९०६, पाइपगॅस असेल तर बिलावरचा एमएनजीएलचा आपत्कालीन क्रमांक.