पोर्तुगालमधील राजबंदी

पोर्तुगालमध्ये १९२६ ते १९७४ या काळातील हुकूमशाही राजवटीत राजकीय मते वा कृत्ये यांसाठी कैदेत ठेवण्यात आलेल्या व्यक्ती. त्यांत खुद्द पोर्तुगालमधील कम्युनिस्ट, कामगार पुढारी, उदारमतवादी व विद्यार्थी यांचा, तसेच आफ्रिकेतील आणि गोव्यातील स्वातंत्र्यसैनिकांचाही समावेश होता.

२८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता बळकाविली. १९२८ मध्ये अर्थमंत्री व १९३२ मध्ये पंतप्रधान झालेल्या आंतोन्यू सालाझार (१८८९–१९७०) याने १९३३ च्या संविधानाने ‘नवे राज्य’ स्थापन केले. या संविधानात भाषण, सभा व संघटना यांची स्वातंत्र्ये नमूद होती. तथापि त्यांचा वापर विशेष कायद्यांनी नियंत्रित होईल, अशी तरतूदही त्यातच होती. संविधानाने दिलेले कायद्याने काढून घेण्याची ही रीत, हेच या राजवटीचे मुख्य लक्षण होय. वृत्तपत्रांवरील अभ्यवेक्षण अखेरपर्यंत चालू राहिले.

दडपशाहीचे मुख्य साधन म्हणजे १९३३ मध्ये स्थापन झालेले राजकीय पोलीस दल. १९४५ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन ते ‘पीडे’ या नावाने कुप्रसिद्ध झाले. न्यायालयापुढे उभे न करता संशयितास सुमारे सहा महिन्यांपर्यंत अटकेत ठेवण्याचा अधिकार या दलास होता. चौकशीच्या वेळी वकिलास हजर राहता येत नसे. मारहाणीखेरीज कैद्यास अनेक दिवस सलग झोपू न देणे आणि तासन्‌तास एकाच जागी पुतळ्याप्रमाणे उभे करणे, हे छळाचे रूढ प्रकार होते. शरीरावर फारशा खुणा न ठेवता मनोधैर्य खचविणे, हा त्यांचा हेतू असे.

राजकीय खटले लिस्बन व पोर्तू येथील विशेष न्यायालयांत चालत. शिक्षेची मुदत संपली, तरी सुटकेची शाश्वती नसे. कैदी अद्याप ‘धोकादायक’ आहे, असे ठरल्यास ‘सुरक्षा-उपाय’ म्हणून त्याची कैद वाढविता येई आणि वाढीव मुदत पुनःपुन्हा नवी करता येई. अशा रीतीने ठराविक वर्षांची शिक्षा व्यवहारात बेमुदत होई. केलेल्या कृत्यापेक्षा न बदललेल्या मतांनाच ही शिक्षा होती.

लिस्बनमधील अल्जूब, त्या शहराजवळील काशियास व समुद्रकाठचा पेनिश किल्ला हे प्रमुख तुरुंग होत. पेनिशमधून ३ जानेवारी १९६० रोजी कम्युनिस्ट नेता आल्व्हारू कुन्याल व त्याचे नऊ सहकारी निसटले. सर्वांत भीषण ठिकाण म्हणजे केप व्हर्दमधील सांतियागो बेटावरील तार्राफालची छावणी. ऑक्टोबर १९३६ मध्ये तेथे सु. दीडशे कैद्यांची पहिली तुकडी उतरली. हिवताप, दूषित पाणी व औषधांचा अभाव यांमुळे १९५४ पर्यंत तेथे ३२ पोर्तुगीज राजबंदी मरण पावले. कम्युनिस्ट पक्षाचा सचिव बेंतू गोन्साल्व्हिश हा त्यांपैकीच एक (१९४२). उन्हात तापणाऱ्या काँक्रीटच्या कोंदट शिक्षा-कोठडीस कैदी ‘तवा’ म्हणत. १९६१ मध्ये ही छावणी अंगोला, गिनी-बिसाऊ व केप व्हर्द येथील राष्ट्रवाद्यांसाठी पुन्हा उघडण्यात आली.

गोव्यात १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांच्या मडगाव येथील सभेने नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस चालना मिळाली. त्यानंतर त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आदी नेत्यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालला हद्दपार केले. १९५५ च्या सत्याग्रहात ना. ग. गोरे, मधू लिमये प्रभृतींना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. त्यांची १९५७ मध्ये सुटका झाली. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे यांना १९५५ मध्ये पकडण्यात येऊन २६ वर्षांची शिक्षा देण्यात आली व पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र जानेवारी १९६९ पर्यंत आणि तेलू मास्कारेन्हास १९७० पर्यंत पोर्तुगालच्या कैदेत होते. ज्या भूमीवरील सत्ता संपुष्टात आली होती, तिच्यासाठी लढल्याची शिक्षा ते भोगत होते.

ब्रिटिश वकील पीटर बेनेन्सन याने २८ मे १९६१ रोजी ‘विस्मृत कैद्यां’विषयी वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यातील सहा कैद्यांत अंगोलाचा कवी व डॉक्टर आगुश्तिन्यू नेतू याचा समावेश होता. या लेखातूनच ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही संघटना उदयास आली. विरोधी नेता जनरल उंबेर्तू देलगादू याचा ‘पीडे’च्या हस्तकांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत खून केला. सालाझारनंतर १९६८ मध्ये सत्तेवर आलेल्या मार्सेलू काइतानू याने दुसऱ्या वर्षी या दलाचे नाव बदलले. स्वरूप मात्र फारसे बदलले नाही.

२५ एप्रिल १९७४ च्या लष्करी उठावाने राजवट कोसळली. त्या दिवशी राजकीय पोलिसांनी आपल्या लिस्बनमधील मुख्यालयासमोरील जमावावर गोळीबार केला. त्यात चौघे ठार झाले. दोन दिवसांत काशियास व पेनिश येथील राजबंदी मुक्त झाले आणि १ मे रोजी तार्राफालचे दरवाजे उघडले. छळ करणाऱ्यांना न्यायासनासमोर आणण्याचे काम मात्र अपुरेच राहिले : जून १९७५ मध्ये या दलाचे ८९ कर्मचारी आल्कुएंत्र तुरुंगातून पळाले व ज्यांच्यावर खटले चालले, त्यांतील बहुतेकांना सौम्य शिक्षा झाल्या. तार्राफाल येथे मरण पावलेल्यांचे अवशेष १९७८ मध्ये लिस्बनला आणण्यात आले. अल्जूब येथे २०१५ मध्ये व पेनिश येथे २०२४ मध्ये राजबंद्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय सुरू झाले.