धर्मगुरूचे निसर्गभान : फादर दिब्रिटो आणि हरित वसई

नैसर्गिक आपत्तीला धर्मश्रद्धेने दिलेला प्रतिसाद सामान्यतः दोन रूपांत आढळतो : सांत्वन आणि सेवा. मराठी ख्रिस्ती परंपरेत सेवेचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणले व पुढे केडगावी त्यांचा सांभाळ केला. परंतु आपत्ती मानवनिर्मित असेल, तर हे दोन्ही प्रतिसाद अपुरे ठरतात. अशा वेळी धर्मगुरूचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे एक उत्तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या कार्यात मिळते.

वसईची बागायत विहिरी व बावखले यांच्या गोड्या पाण्यावर उभी राहिली. समुद्रालगतच्या भूगर्भात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते व विहीर मचूळ होते. मुंबईलगतच्या वेगवान नागरीकरणात इमारती वाढल्या आणि विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, तेव्हा हे अरिष्ट वसईवर कोसळले. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने उभारलेल्या लढ्याचे नेतृत्व दिब्रिटो यांनी केले.

या घटनेतील आध्यात्मिक पेच ध्यानात घेतला पाहिजे. दुष्काळात श्रद्धावान विचारतो, ‘देवाने असे का केले?’ येथे मात्र प्रश्न असा, की आपण काय केले? विहीर ज्याची, पाणी त्याचे, हा व्यवहार कायद्याला मान्य असेल. पण एकाच्या उपशाने शेजाऱ्याची विहीर खारी होते. म्हणजे पापाची कल्पना वैयक्तिक आचरणापुरती मर्यादित राहत नाही. शिवाय विहिरींचे मालक परके नव्हते, गावचेच होते. बिल्डरांविरुद्ध बोलण्याइतकेच आपल्या माणसांच्या लाभाविरुद्ध बोलणे ही धर्मगुरूची कसोटी होय.

या भूमिकेस बायबलमध्ये आधार आहे. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात मनुष्याला सृष्टीवर सत्ता मिळते, दुसऱ्या अध्यायात मात्र बाग त्याच्याकडे मशागतीसाठी व राखणीसाठी सोपविली जाते. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणाऱ्या दिब्रिटो यांच्या लढ्याचे नाते या दुसऱ्या अध्यायाशी जुळते, असे आम्हांस वाटते. पोप फ्रान्सिस यांचे सृष्टिरक्षणविषयक परिपत्रक २०१५ साली निघाले. वसईतील हा लढा त्याआधीचा आहे.

दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तथापि त्यांच्या साहित्याचा विचार ख्रिस्ती वाङ्मयाच्या प्रकरणातच संपविला जातो. वस्तुतः मराठीतील पर्यावरणविचाराच्या अभ्यासातही त्यांना स्थान हवे. दाभोळ, जैतापूर, बारसू येथील वाद पाहिलेल्या रत्नागिरीच्या अभ्यासकाला तर याची निकड अधिकच जाणवावी.